वूफरची जागा

सोमवार, ४ तारीख

आमच्या शाळेच्या वसतिगृहात मोठ्या मुली आणि लहान मुली यांच्यामध्ये एक लाकडी पडदी होती. पडदीच्या त्या बाजूला ताईची खाट, या बाजूला माझी. शिवणाच्या सिस्टरांनी आम्हा दोघींना एकाच दिवशी एकेक पितळी अंगुस्तान दिलं होतं. सुई टोचू नये म्हणून बोटावर घालतात ते. दिवे मालवले की ताई अंगुस्तान घालून पडदीवर वाजवायची. तीनदा टकटक, जरा थांबून एकदा. म्हणजे, आहेस ना? मीही तसंच वाजवायचे. म्हणजे, आहे. मग दोघी झोपायचो. घरापासून लांब असल्याचं दुःख तेवढ्या चार ठोक्यांत मावायचं.

आज पंचावन्न वर्षांनी मी ताईच्या घरी कायमची राहायला आले आणि दार उघडताच आधी हेच आठवलं. ताईला जाऊन सव्वा वर्ष झालं. तिचे यजमान, म्हणजे भाऊजी, एकटे पडले. मी तर जन्माची एकटी. शाळेच्या ग्रंथालयात उभं आयुष्य गेलं, आता निवृत्ती. भाऊजींनीच सुचवलं, की मेहुणीबाई, दोन घरांत दोन दिवे जाळण्यापेक्षा एकाच घरात या. मी माझी भाड्याची जागा सोडली आणि आले.

स्वागत छान झालं. भाऊजींनी स्वतः माझी बॅग तीन जिने वर आणली. शहात्तर वर्षांचा माणूस, पण दम लागला नाही. ताईची खोली झाडून पुसून ठेवली होती, उशीला नवा अभ्रा. खिडकीतून समोरच्या शाळेचं मैदान दिसतं. मुलांचा गलका ऐकू आला आणि वाटलं, इथे आपलं बरं जमेल.

ही छोटी वही नेहमीसारखी एप्रनच्या खिशात राहील, दोऱ्याने पेन्सिल बांधून. रोज लिहायचं. सिस्टर म्हणायच्या, जे लिहून ठेवत नाही ते देवही विसरतो.

मंगळवार, ५ तारीख

घर नीट पाहून घेतलं. दाराजवळ पायपुसणं, मग लांबट हॉल. हॉलच्या एका टोकाला भिंतभर टीव्ही, दुसऱ्या टोकाला भाऊजींची पाठ मागे जाणारी खुर्ची. टीव्हीच्या भिंतीपलीकडे अडगळीची खोली. खिडकी नाही, एक दिवा, तीन फळ्या. बाकी दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. सगळ्याला नुकताच रंग दिलाय, अडगळीच्या खोलीलासुद्धा. कौतुक वाटलं. अडगळीला कोण रंग देतं हो?

रंगासाठी होम थिएटर काढून ठेवलं होतं. ताई गेल्यापासून ते बंदच होतं. जुना वूफर, म्हणजे खालचे जाड सूर वाजवणारा स्पीकर, फाटला म्हणून भाऊजींनी नवा मागवलाय, बारा इंची. आज तो आला. केवढं धूड! काळा चौकोनी खोका, आमच्या ग्रंथालयातल्या कार्डांच्या कपाटाएवढा. येत्या रविवारनंतरच्या रविवारी भाची तिच्या मुलीला, चिमणीला, घेऊन येतेय. भाचीला दोन वर्षांची परदेशातली नोकरी लागलीय. चिमणी तेवढे दिवस आजोबांकडे आणि माझ्याकडे राहील. आठ वर्षांची आहे. भाऊजी म्हणतात, तिला घरबसल्या थिएटरची मजा येईल.

संध्याकाळी ताईचा विषय निघाला. त्या दिवशी ते सिनेमा बघत होते. ताई अडगळीच्या खोलीत काही काढायला गेली आणि तिथेच तिचं हृदय थांबलं. आवाजात त्यांना काही कळलंच नाही. सिनेमा संपल्यावर कळलं हो, असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

गुरुवार, ७ तारीख

आज जन्मात केला नसेल असा उद्योग केला. हॉलभर रांगले.

वूफर जोडायला एक गृहस्थ आले होते. मी त्यांचं नाव सिस्टिमवाले ठेवलंय. पन्नाशीचे, गुडघ्याला पट्टा, बोलायला एक नंबर. भाऊजी रोज अकरा ते बारा फिरायला जातात, तेव्हाच ते आले. त्यांनी मला सगळं समजावलं. अँप्लिफायरच्या मागे एक वेगळी खाच असते, तिथून एकच जाड वायर वूफरला. कुठल्या सुरापासून खाली वूफरने गायचं ते एका चकतीवर ठरवायचं. आवाज किती, ते दुसऱ्या चकतीवर. आणि मागे एक छोटा खटका, दोनच घरांचा. म्हणाले, काकू, वूफर हा घरातल्या आत्याबाईंसारखा असतो. कुठे बसवता यावर सगळं अवलंबून. कोपऱ्यात बसवला की उगाच घुमत राहतो.

जागा शोधण्याची त्यांची रीत ऐकून मला हसू आवरेना. वूफर ऐकणाऱ्याच्या खुर्चीत बसवायचा आणि ऐकणाऱ्याने जमिनीवर रांगत फिरायचं. जिथे आवाज सगळ्यात नेटका येईल तिथे वूफर ठेवायचा. त्यांचा गुडघा साथ देईना, म्हणून मीच चष्मा सावरून निघाले. ते वर म्हणतात, काकू, तुमचे गुडघे माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहेत.

भाऊजींच्या खुर्चीत तो काळा खोका ऐसपैस बसलेला. तपासणीचा एकच खालचा सूर, न तुटणारा. तो कानाला नाही, पोटाला ऐकू येतो. शाळेच्या चॅपेलमधल्या ऑर्गनचा सगळ्यात जाड नळा असाच लागायचा. काही ठिकाणी पोटात गोळा येईल इतका आवाज, तर हातभर पुढे गेलं की एकदम कमी. सिस्टिमवाले म्हणाले, खोलीत अशा जागा असतातच. स्पीकरची लाट ढकलते, वूफरची ओढते, दोघींच्या भांडणात मधला माणूस शांत राहतो. मागचा खटका फिरवला की ती शांत जागा दुसरीकडे सरकते.

टीव्हीच्या भिंतीशी, उजवीकडच्या कोपऱ्यात, तशी शांत जागा होती. तिथे मी कान जमिनीला लावला.

तीनदा टकटक. जरा थांबून एकदा.

मी विचारलं, तुमच्या सुरात टकटक आहे का? ते म्हणाले, सूर सलग आहे, त्यात टकटक कुठून? वर कुणी नळ दुरुस्त करत असेल. मी हो म्हटलं. अंगावर काटा आला होता, पण ताईची आठवण ताजी असली की असं व्हायचंच.

बाराला भाऊजी आले. खुर्चीत वूफर बघून त्यांचा चेहरा बदलला, पण आवाज तसाच मऊ. वूफर त्या उजव्या कोपऱ्यातच हवा, अडगळीच्या भिंतीला टेकून. सिस्टिमवाल्यांनी सांगून पाहिलं, की साहेब, तिथे नुसता गडगडाट होईल आणि सगळी भिंत थरथरेल. भाऊजी हसून म्हणाले, मला तसाच आवडतो.

शुक्रवार, ८ तारीख

चारच्या ठोक्याला भाऊजींनी सिनेमा लावला. बाई गं! कपाटातल्या बश्या नाचल्या. माझ्या छातीतलं माझं राहिलं नाही. मी स्वयंपाकघरातून सांगितलं, जरा कमी करा. ते उठून आले, माझ्या कोपराला धरलं आणि हळूच म्हणाले, तुमची ताई या वेळी जरा आत बसायची. तिलाही आवाज सोसायचा नाही.

आत म्हणजे कुठे, ते मी विचारलं नाही. मी माझ्या खोलीत जाऊन दार लावलं. पण राग आला. पाहुणी म्हणून चार दिवस आलेली नाही मी. आणि कोपराला धरायचं कारण काय? बोटांचे वळ उठलेत.

जिन्यात खालच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. परत सुरू झालं का, असं म्हणून कपाळाला हात लावला. ताई होती तेव्हा आठवड्यातून दोन-तीनदा त्यांच्या काचा थरथरायच्या. आवाज कमी करा म्हणून त्यांनी इमारतीच्या समितीला तीन अर्ज दिले होते. सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, तुमच्या बहिणीच्या माघारी सव्वा वर्ष कशी शांतता होती.

मी विचारलं, ताईला कधी भेटायचात का? म्हणाल्या, क्वचित. चारनंतर तर कधीच दिसायच्या नाहीत.

रविवार, १० तारीख

पेन्सिल कागद फाडतेय, पण भीतीने नाही.

भाऊजी फिरायला गेल्यावर अडगळीच्या खोलीत गेले. दाराला कडी बाहेरून आहे. आतून काही नाही, साधा खिळाही नाही. अडगळीच्या खोलीला बाहेरून कडी असतेच, म्हणून इतके दिवस नजरेतून सुटली. पण ही जाड आहे, घराच्या मुख्य दाराला असते तशी, आणि खाली अजून एक.

बाहेरच्या बटणाने दिवा लावला आणि आत जाऊन दार ओढून घेतलं. रंगावर आडवा उजेड पडला तेव्हा दिसलं. टीव्हीच्या भिंतीला, जमिनीवर बसलेल्या बाईच्या खांद्याच्या उंचीवर, नव्या रंगाखाली खड्डे आहेत. लहान लहान, गोल. हात फिरवला तर बोटांना लागतात. शेकडो आहेत. तीन तीन जवळ, एक जरासा लांब.

त्याखाली वायरीसाठी पाडलेलं भोक आहे, दोन बोटं जातील एवढं. त्यातूनच केबलची जुनी वायर आत येते. मी बोट घातलं. आत काहीतरी घट्ट बसलं होतं. केसांच्या पिनेने ओढून काढलं.

अंगुस्तान. पितळी. कडेला सिस्टरांनी सुईने कोरलेला ताईच्या नंबरचा आकडा, सतरा. माझा अठरा होता. टोक झिजून भोक पडलंय.

शिवणाने अंगुस्तानाला असं भोक पडत नाही. भिंतीने पडतं.

तो सिनेमा बघत होता. दर वेळी तो सिनेमा बघत होता! आवाज मोठा, म्हणजे ठोके ऐकू नयेत. मला फोनवर ताई हसत सांगायची, अगं, हे सिनेमा लावतात तेव्हा मी जरा आत बसते. आणि मी, मूर्ख, मी म्हणायचे, मजा आहे बाई तुझी, घरातच थिएटर. पस्तीस वर्षं मी या माणसाला अहो-जाहो केलं. दर वाढदिवसाला पत्र लिहिलं. आजपासून अहो बंद. या वहीत तरी बंद.

आणि अजून एक आठवलं. लिहायलाच हवं.

ताई गेली त्या दिवशी सव्वाचारला मी फोन केला होता. त्याने उचलला. मागे धडधड चालली होती. ती कामात आहे म्हणाला. धडधडीच्या मधल्या फटीत मला टकटक ऐकू आली होती. तीनदा, आणि मग एकदा. मला वाटलं, फोनची लाइन खराब आहे. मी म्हटलं, बरं, उद्या करते. शाळेत शिकवलं होतं ना, दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टींची चौकशी करू नये!

तिने विचारलं होतं, आहेस ना. आणि मी फोन ठेवला.

सोमवार, ११ तारीख

भाचीला फोन केला. सगळं सांगितलं. कडी, खड्डे, अंगुस्तान. ती समजूत घालायला लागली, की मावशी, तू आईच्या खोलीत झोपतेस, तिच्या वस्तूंमध्ये दिवस काढतेस, मनात असं येणारच. बाबांनी जन्मात कधी आवाज चढवला नाही.

तेच तर, पोरी! आवाज चढवायला त्याने खोका आणून ठेवला होता.

म्हटलं, चिमणीला इथे ठेवू नकोस. ती म्हणाली, तिकिटं निघालीत, दुसरी सोय नाही, रविवारी पाचला पोहोचतो, मग समोरासमोर बोलू. शेवटी रडली. लहानपणी वसतिगृहात पाठवलेली पोर ती, दहाव्या वर्षापासून. ताईने तिला का पाठवलं ते आज मला कळतंय. मी तेव्हा ताईला टोमणा मारला होता, की तुला आईपण जड झालं वाटतं.

बॅग भरायला घेतली होती. मग परत रिकामी केली. मी गेले तर रविवारी पोर येईल आणि घरात फक्त तो असेल. भाची ऐकणार नाही. तिला स्वतःच्या कानांनी ऐकू आलं पाहिजे.

चारला सिनेमा. मी माझ्या खोलीत दात खाऊन बसले. बश्या नाचत होत्या. आणि सिनेमा संपल्यावर, आवाज पूर्ण बंद झाल्यावर, भिंतीतून तीन आणि एक. मला एकटीलाच नव्हे, त्यालाही ऐकू आलं ते. तो उठून त्या भिंतीकडे बघत उभा होता. मग येऊन मला म्हणाला, तुम्ही काही वाजवत होतात का?

मी म्हटलं, नाही. तुम्ही ओळखलंत का कोण ते?

असं त्याच्याशी आजवर कुणी बोललं नसावं.

बुधवार, १३ तारीख

त्यानेच सिस्टिमवाल्यांना बोलावलं. तक्रार अशी, की वूफर मनाने वाजतो.

त्यांनी आधी आवाजाची वायर काढली. वूफरचा काळा पडदा हलत राहिला. अर्थिंगचा दोष असेल म्हणाले. मग विजेचा प्लग काढला. खोका मेला. त्यांनी खात्री करायला पडद्यावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मीही हात ठेवला. आतून, अगदी बोटाने मारावं तसे. तीन. थांबून एक.

त्यांचा विनोदी चेहरा पांढरा पडला. त्याला मात्र त्यांनी सांगितलं, की साहेब, भिंतच थरथरते, मी तिला हात लावणार नाही. तो म्हणाला, मग आवाज अजून वाढवून द्या. सिस्टिमवाले म्हणाले, चकती तुमची, बोटं तुमची.

दारात बूट घालताना त्यांनी मला विचारलं, काकू, इथे कोण होतं? मी म्हटलं, माझी बहीण. त्यांनी मान खाली घातली. मग मी विचारलं, की खटका फिरवून ती शांत जागा मला पाहिजे तिथे नेता येईल का? ते म्हणाले, खटका आणि खोका दोन्ही थोडे थोडे सरकवत राहा. दोन वितींच्या फरकाने जागा बदलते. कुठे हवीय? मी पायपुसण्याकडे बोट दाखवलं. त्यांनी फार काही विचारलं नाही. सूर असलेला पेन ड्राइव्ह माझ्या हातात दिला आणि घाईत टेस्टर इथेच विसरून गेले.

शुक्रवार, १५ तारीख

काल आणि आज, अकरा ते बारा. मी रांगतेय.

अडगळीच्या खोलीत गजराचं घड्याळ ठेवलं, ताईच्या खड्ड्यांशी टेकवून. दार लावलं. त्याच्या रोजच्या आकड्यावर आवाज नेला, सूर लावला आणि मुख्य दाराशी येऊन ऐकलं. घड्याळाचा मागमूस नाही. खटका पलीकडे. खोका वितभर डावीकडे. परत दाराशी. एवढं धूड ढकलायचं, पण राग असला की अंगात बळ येतं. आधी का नाही आला गं मला इतका राग?

आज पावणेबाराला जमलं. पायपुसण्यावर उभं राहिलं की गडगडाट विहिरीत गेल्यासारखा नाहीसा होतो. आणि घड्याळाची टिकटिक स्वच्छ. एक पाऊल आत टाकलं की गेली. एक पाऊल बाहेर, गेली. मधोमध मात्र आहे. भाची दारात उभी राहून चपला काढते तेवढी जागा.

खोक्याच्या पायांशी खडूच्या खुणा केल्या आणि पुसल्या. एक राहिली.

त्याने ती पाहिली. खोका हलवला नाही, वाकून मागचा खटका बघितला आणि तसाच सोडला. त्याला यातलं फक्त मोठा आणि लहान कळतं. मला एवढंच म्हणाला, की तुम्ही भाचीला काहीबाही सांगता, तिने मला कळवलं. तुम्ही दमलात, मेहुणीबाई.

हसला. ताईच्या लग्नातल्या फोटोत हसलाय तसाच.

शनिवार, १६ तारीख

सकाळी उठले तर तेलाचा वास. दोन्ही कड्यांना तेल घातलंय.

फोन सापडत नाही. विचारलं तर म्हणतो, दुरुस्तीला दिला. बिघडला कधी होता?

खाली गेले. बाई घरी नाहीत, दाराला कुलूप. चिठ्ठी सरकवली — उद्या पाचला वर या, कृपा करून. काही होऊन गेल्यावर चौथा अर्ज लिहू नका.

पळून जाता येईल. आत्ता. दार उघडंच आहे. तो मुद्दामच उघडं ठेवतो.

जाणार नाही. उद्या पाच वाजता मी इथे असणार. एका मुलीला, ती दहा वर्षांची असताना, मी या घरातून जाताना पाहिलं आणि बरं झालं म्हटलं, दुसरीला या घरात येताना —

ताई, मी आहे. ऐकतेस ना? मी आहे.

रविवार, १७ तारीख

आत आहे. चार वाजून गेले असतील.

जेवणानंतर पाणी प्यायले ते कडवट होतं. जाग आली ती जमिनीवर, इथे. दिव्याचं बटण बाहेर आहे. भोकातून वायरीशेजारून सुतळीएवढा उजेड येतोय, त्यात लिहितेय. दार ढकलून पाहिलं. तेलामुळे कडी वाजतसुद्धा नाही.

त्याने बाहेरून सांगितलं, शांतपणे, की भाचीला सांगेन, मावशी रागावून निघून गेली. मग सिनेमा लावला.

भिंत अंगावर येते. दात हलतात. अक्षर नीट येत नाही —

अंगुस्तान खिशात होतं. ते त्याने पाहिलं नाही. बायकांच्या खिशात काही असेल असं त्याला कधी वाटलंच नाही.

वाजवलं. तीन. एक.

उत्तर आलं. भिंतीतून नाही. माझ्या मागून, फळीखालून, अंधारातून. हातभरावरून.

घाबरले. खरं सांगते, खूप घाबरले. मग त्या बाजूने पाठीला पाठ टेकल्यासारखं गार काही लागलं आणि — पडदी नाही आता मध्ये. आम्ही दोघी आहोत. दोघी मिळून वाजवतोय. तिचा ठोका माझ्यापेक्षा जोरात आहे. किती राग साठलाय गं तुझ्यात, ताई —

हे पान फाडून सुरळी करून भोकातून वूफरमागे ढकलणार. वही इथेच राहील. लवकर लिहिते.

अंगुस्तान चिमणीला. भोक पडलेलं आहे, शिवता येणार नाही. नंबर सतरा कुणाचा ते तिला सांगायचं, लपवायचं नाही.

माझी पुस्तकं आणि कात्री भाचीला. ताईची सगळी पत्रं माझ्या बॅगेच्या तळाशी, तीही तिला. आईने तुला लांब का ठेवलं ते आता वाच.

टेस्टर सिस्टिमवाल्यांना परत द्या. पेन ड्राइव्हही. सांगा, जागा बरोबर निघाली.

खालच्या बाईंना त्यांचे तिन्ही अर्ज. त्याखाली त्यांनी लिहावं, आवाज कशासाठी होता ते.

वूफर त्यालाच द्या. त्याला जिथे नेऊन ठेवतील तिथे, खुर्चीला लावून. कुणी चालू करायची गरज नाही, तो मनाने वाजतो —

घंटा.

घंटा वाजली. त्याने आवाज वाढवला. वाढव! अजून वाढव, मेल्या, जितका वाढवशील तितकं दाराशी —

दार उघडलं. चिमणीचा आवाज — नाही, दिसत नाही — पावलं कळतात, जमिनीतून —

भाची, आत येऊ नकोस. पायपुसण्यावरच थांब. मी दोन दिवस रांगून तुझ्यासाठी ती जागा केलीय. चपला सावकाश काढ, बक्कल असलेल्या चपला घालून आली असशील तर देवाची कृपा. फक्त उभी राहा आणि ऐक. आता दोघी वाजवतो —

तीन. आणि मग —